ऱ्हाइनचे दोन काठ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

६ मार्च १९७४. फ्रान्सचे पंतप्रधान पिएर मेसमेर दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, की यापुढे देशाची वीज मुख्यतः अणूपासून तयार होईल. दोन वर्षांतच तेरा नव्या अणुभट्ट्यांची कामं हाती घेतली जातील. या विषयावर संसदेत मतदान झालेलं नव्हतं. ज्या गावांच्या शिवारात या भट्ट्या उभ्या राहणार होत्या, त्या गावांना कुणी विचारलेलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू त्या वेळी आजाराने खंगलेले होते. चार आठवड्यांच्या आत त्यांचं निधनही झालं. पण योजना मागे पडली नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत फ्रान्सने पन्नासहून अधिक अणुभट्ट्या उभ्या केल्या.

मंडळी, आज जगात कुठेही हवामानबदलावर परिषद भरली, की या फ्रान्सचं उदाहरण निघतंच. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत जगाची अणुऊर्जा तिप्पट करण्याचा संकल्प सोडला. भारताने त्यावर सही केली नाही. फ्रान्स मात्र त्यात आघाडीवर होता. धूर कमी करायचा तर अणूला पर्याय नाही, आणि हे होऊ शकतं हे फ्रान्सने करून दाखवलं आहे, असा एकंदर युक्तिवाद असतो. करून दाखवलं, हे खरंच आहे. पण ते कशासाठी केलं, कसं केलं आणि कुणाला विचारून केलं, ही गोष्ट सहसा कुणी सांगत बसत नाही. मी कवी माणूस. भौतिकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. आम्हा कवींना अणू म्हटला की हिरोशिमाच आठवते आणि लेखणी तिथेच अडते. म्हणून मुद्दाम आज हिरोशिमा बाजूला ठेवून विजेची गोष्ट सांगतो.

मेसमेर यांना घाई झाली होती ती तेलामुळे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाची कोंडी केली, आणि तीन डॉलरच्या आसपास मिळणारं तेलाचं पिंप जानेवारी १९७४ मध्ये जवळजवळ बारा डॉलरवर गेलं. आपल्याकडे त्या दिवसांची आठवण म्हणजे रॉकेलच्या रांगा. पश्चिम जर्मनीत त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरातले काही रविवार मोटारी रस्त्यावर आणायला बंदी होती. माणसं महामार्गावरून सायकली फिरवत होती. फ्रान्सची अवस्था तर फारच नाजूक. स्वतःचं तेल जवळजवळ नाही, कोळशाच्या खाणी संपत आलेल्या, नद्यांवर बांधता येतील ती बहुतेक धरणं बांधून झालेली. आणि विजेपैकी जवळजवळ चाळीस टक्के वीज तेल जाळून होत होती. पुढे १९७६ साली तिथे जाहिरातीतलं एक वाक्य फार गाजलं: फ्रान्समध्ये तेल नाही, पण कल्पना आहेत. त्याच वर्षी उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करण्याची पद्धतही पुन्हा सुरू झाली, दिव्यांची वीज वाचावी म्हणून. म्हणजे तेलाने घरातल्या घड्याळाचे काटेसुद्धा हलवले.

आता कुणी म्हणेल, इतकी मोठी योजना पाच महिन्यांत कशी तयार झाली? ती पाच महिन्यांत झालेलीच नव्हती. ती कपाटात तयार होती. १९४६ साली राष्ट्रीयीकरण होऊन 'एलेक्त्रिसिते द फ्रान्स' ही सरकारी वीज कंपनी स्थापन झाली. तिला सगळे ईडीएफ म्हणतात. दुसरीकडे द गॉल यांनी स्थापन केलेलं अणुऊर्जा आयोग. आयोगाला स्वदेशी बनावटीची, ग्रॅफाइट आणि वायू वापरणारी भट्टी हवी होती. तिच्यातून अणुबाँबसाठी लागणारं प्लुटोनियमही निघे. वीज कंपनीच्या इंजिनिअरांना मात्र अमेरिकी वेस्टिंगहाउसची, पाण्यावर चालणारी स्वस्त भट्टी हवी होती. हे भांडण अनेक वर्षं चाललं. द गॉल असेपर्यंत स्वदेशीची बाजू वरचढ होती. ते १९६९ मध्ये पायउतार झाले आणि त्याच वर्षी पाँपिदूंनी वीज कंपनीच्या बाजूने कौल दिला. कंपनीचे प्रमुख मार्सेल ब्वातू हे मूळचे गणिती. त्यांच्या लोकांनी हिशेब मांडूनच ठेवले होते. तेल महागल्याबरोबर कपाट उघडलं, एवढंच.

अणुभट्टी म्हणजे शेवटी पाणी उकळण्याचं यंत्र आहे. युरेनियमचा अणू फुटतो, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफ चक्रं फिरवते, चक्रांवर वीज तयार होते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातही वाफेने चक्रंच फिरतात. फरक एवढाच, की तिथे पाण्याखाली कोळसा जळतो आणि अणुभट्टीत काही जळतच नाही. त्यामुळे धूर नाही, राख नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-तज्ज्ञांच्या समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१४ साली दिलेला हिशेब असा: खाणीपासून भट्टी मोडीत काढण्यापर्यंतचं सगळं धरलं, तर अणुविजेच्या एका युनिटमागे सुमारे १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाच्या विजेमागे ८२० ग्रॅम. पवनचक्की अणूच्याच पंगतीत बसते, मोठे सौर प्रकल्प पन्नास ग्रॅमच्या आत. हे आकडे लक्षात ठेवले, की फ्रान्समध्ये काय घडलं ते नीट कळतं.

त्यांनी एकाच नमुन्याच्या भट्ट्या एकामागून एक बांधल्या. आधी ९०० मेगावॉटच्या चौतीस, मग १३०० मेगावॉटच्या वीस, शेवटी आणखी मोठ्या चार. एका ठिकाणी काम संपलं की तीच तुकडी, तेच नकाशे, तेच वेल्डर पुढच्या ठिकाणी. एकच मालक, एकच बनवणारा, पैसा सरकारच्या हमीचा. आपल्याकडे एखादा चांगला गवंडी एका वस्तीत दहा घरं बांधतो तेव्हा दहावं घर कसं भराभर उभं राहतं, तसं ते झालं. घरं तापवायला तेलाऐवजी विजेच्या शेगड्या आल्या. पॅरिस-लियों अतिवेगवान गाडीचा पहिला नमुना वायूच्या टर्बाइनवर, म्हणजे खनिज तेलावर धावणारा होता. तेल महागल्यावर तो बाजूला ठेवून गाडी विजेवर आणली गेली आणि १९८१ मध्ये ती धावू लागली.

१९७९ नंतरच्या नऊ-दहा वर्षांत फ्रान्सच्या एकूण कार्बन-धुरात पाव हिश्श्याच्या आसपास घट झाली. १९८८ साली तिथली सुमारे सत्तर टक्के वीज अणूची होती. आणि १९८८ हे साल कुठलं? त्याच वर्षी जूनमध्ये जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकी सिनेटपुढे साक्ष दिली, की पृथ्वी तापू लागली आहे. त्याच वर्षी आयपीसीसीची स्थापना झाली. म्हणजे जगाने 'कार्बन मोजू या' असं म्हणायला सुरुवात केली, तेव्हा फ्रान्सचं बरंचसं काम होऊन गेलं होतं. कार्बनचा एक ग्रॅमही न मोजता! तेलाच्या धास्तीने, अरबांच्या मेहेरबानीवर जगायचं नाही या जिद्दीने, आणि खरं सांगायचं तर महासत्ता म्हणून मिरवण्याच्या हौसेनेही.

या यशाची दुसरी बाजू त्याच वर्षांत होती. फेब्रुवारी १९७५ मध्ये चारशे फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढलं आणि लोकांना पुरेशी माहिती मिळेपर्यंत या भट्ट्यांना संमती देऊ नका असं आवाहन केलं. विज्ञानाला विरोध करणारी माणसं नव्हती ती; विज्ञानावर पोट भरणारी होती. सरकारने त्याची फारशी दखल घेतली नाही. जुलै १९७७ मध्ये क्रेस-माल्व्हिल इथे मोठ्या प्रयोगशील भट्टीच्या विरोधात मोर्चा निघाला, पोलिसांनी स्फोटक नळकांडी फेकली, त्यात एक तरुण शिक्षक मेला. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर प्लोगॉफ नावाचं गाव आहे, अगदी समुद्रात घुसलेल्या टोकाजवळ. १९८० च्या सुरुवातीला तिथे सरकारी चौकशीचे कागद घेऊन गाड्या आल्या तेव्हा गावकरी बाया रोज संध्याकाळी पोलिसांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. नवरे बहुतेक दर्यावर्दी, बोटींवर गेलेले. दुसऱ्या वर्षी मितराँ निवडून आले आणि त्यांनी तो प्रकल्प रद्द केला. पण प्लोगॉफ अपवाद ठरलं. बाकी ठिकाणी भट्ट्या झाल्या. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा ढग युरोपभर फिरला तेव्हा फ्रान्समधल्या अधिकाऱ्यांनी लोकांना इतक्या थंडपणे 'काळजीचं कारण नाही' म्हणून सांगितलं, की ढग आमच्या सरहद्दीवर येऊन थांबला असा विनोद तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला.

आणि युरेनियम? त्यातलं पुष्कळसं येई आफ्रिकेतल्या निजेर या देशातून. सहारा वाळवंटात आर्ली नावाचं गाव खाणीसाठी वसवलं गेलं. पन्नासेक वर्षं तिथल्या मातीतून फ्रान्सचे दिवे लागत राहिले, आणि त्या निजेरमधल्या बहुसंख्य घरांत आजही वीज नाही. १९७३ मध्ये अरबांच्या तेलापासून सुटका हवी होती ना? ती झाली, पण दुसऱ्या एका मुस्लिम वाळवंटाकडे पाहत बसावं लागलं. जुलै २०२३ मध्ये निजेरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारने मोठ्या खाण-कंपनीचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. फ्रान्सला युरेनियम कझाकस्तान, कॅनडा इथूनही मिळतं, त्यामुळे दिवे काही विझले नाहीत. आर्लीच्या लोकांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न मात्र धुराच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आता ऱ्हाइन नदीकडे येऊ. फ्रान्स आणि जर्मनी यांची सरहद्द काही अंतर या नदीने आखलेली आहे. फ्रान्सच्या काठावर फेसेनहाइम. मोठ्या योजनेतल्या भट्ट्यांची सुरुवात झाली ती इथून, १९७७ मध्ये. तिथून नदीच्या प्रवाहाबरोबर तीसेक किलोमीटर खाली गेलं, की जर्मनीच्या काठावर व्हील नावाचं गाव लागतं. द्राक्षाचे मळे, तंबाखूची शेती. तिथेही अणुभट्टी ठरली होती. फेब्रुवारी १९७५ मध्ये कामाची यंत्रं आली. द्राक्षवाल्या शेतकऱ्यांचं पहिलं भय किरणोत्साराचं नव्हतंच. भट्टीच्या मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेने आभाळ झाकोळलं तर ऊन मिळणार नाही आणि द्राक्षं पिकणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे भय समजावून सांगावं लागणार नाही. शेतकरी, त्यांच्या बायका, पाद्री, विद्यापीठातली पोरं, नदीपलीकडून आलेले फ्रेंच गावकरी असे हजारो लोक त्या जागेत शिरले, झोपड्या बांधून महिनोन्‌महिने राहिले. ती भट्टी कधीच झाली नाही. ते जंगल आता राखीव आहे.

व्हीलच्या त्या झोपड्यांतून जी चळवळ निघाली तिच्यातून १९८० मध्ये जर्मनीचा ग्रीन पक्ष उभा राहिला. चेर्नोबिलने तिला बळ दिलं. जर्मन आयांनी त्या वसंतात मुलांना वाळूत खेळू दिलं नव्हतं. २००२ मध्ये भट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा झाला. अँगेला मर्केल स्वतः भौतिकशास्त्र शिकलेल्या. त्यांनी २०१० मध्ये ही मुदत वाढवली. आणि मग ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमा झालं. काही दिवसांतच मर्केलबाईंनी आपला निर्णय फिरवला, जुन्या भट्ट्या तत्काळ थांबवल्या, आणि जूनअखेर संसदेने मोठ्या बहुमताने ठरवलं की २०२२ पर्यंत सगळ्या बंद. युक्रेनच्या युद्धामुळे थोडी मुदत वाढली आणि १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन भट्ट्या थांबल्या.

लोकशाहीचा विजय म्हणायचा तर हा आहेच. चाळीस-पंचेचाळीस वर्षं चर्चा, मोर्चे, निवडणुका, कायदा, सगळं रीतीप्रमाणे. पण त्याच देशात ऱ्हाइनच्याच खालच्या अंगाला काय चाललं होतं ते पाहा. तिथे लिग्नाइट नावाचा हलका, मातकट कोळसा जमिनीवरूनच खणून काढतात. गार्झवायलरची खाण पुढे सरकत गेली तशी गावंच्या गावं उठली. इमेराथ नावाच्या गावात दोन मनोऱ्यांचं देखणं चर्च होतं. जानेवारी २०१८ मध्ये ते यंत्रांनी पाडलं. जानेवारी २०२३ मध्ये ल्युट्झेराथ या वस्तीतून पोलिसांनी आंदोलकांना चिखलातून ओढून बाहेर काढलं, खाली कोळसा होता म्हणून. आणि त्यानंतर तीन महिन्यांनी शेवटच्या, धड चालणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या भट्ट्या बंद झाल्या. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासाने असा अंदाज काढला, की जर्मनीत भट्ट्या बंद झाल्याने जो जास्तीचा कोळसा जळला त्याच्या धुराने वर्षाला हजाराहून अधिक माणसं दगावली. ही माणसं कुठे एका ठिकाणी मेली नाहीत. त्यांचा फोटो छापून आला नाही. फुकुशिमात किरणोत्साराने झालेला एकच मृत्यू जपान सरकारने मान्य केला आहे. स्थलांतराच्या हालअपेष्टांत मात्र दोन हजारांहून अधिक लोक गेले, त्यात म्हातारी माणसं पुष्कळ. भीतीही मारते आणि धूरही मारतो, पण भीतीचं कारण आपल्याला दिसतं.

जर्मनीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं, की तिथली निम्म्याहून अधिक वीज आता वारा, ऊन आणि अशाच स्रोतांतून येते. २००० साली हा वाटा सहा-सात टक्के होता. सौर पत्रे आज जे स्वस्त झाले, आपल्याकडे शेतकऱ्याच्या विहिरीवर सौरपंप दिसू लागला, त्यामागे जर्मनांनी सुरुवातीला चढ्या भावाने ते विकत घेतले हे एक मोठं कारण आहे. कोळशाची वीजही तिथे आता पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली आहे. तरीही २०२३ साली जर्मनीत विजेच्या एका युनिटमागे साडेतीनशे ग्रॅमच्या वर कार्बन निघत होता आणि फ्रान्समध्ये साठ ग्रॅमच्या आत. माझं मत विचाराल तर आधी कोळसा आणि मग अणू, असा क्रम हवा होता. जर्मनीने तो उलटा लावला.

मग फ्रान्सचं बरोबर होतं, असं म्हणून मोकळं व्हावं? तसं होता येत नाही. कारण तो फ्रान्स आता फ्रान्समध्येही राहिलेला नाही. २००७ च्या डिसेंबरात नॉर्मंडीत फ्लामांव्हिल इथे नव्या जातीच्या भट्टीचं काम सुरू झालं. पाच वर्षांत आणि सव्वातीन अब्ज युरोंत ती व्हायची होती. भट्टीच्या पात्राच्या पोलादात दोष निघाला, वेल्डिंगचे सांधे सदोष निघाले, पुन्हा करावे लागले. ज्या वेल्डरांनी पन्नासावर भट्ट्या बांधल्या होत्या ते केव्हाच निवृत्त झाले होते. पंधरा वर्षं नवं काम न निघाल्याने हातातली कला गेली. अखेर २१ डिसेंबर २०२४ रोजी ती भट्टी विजेच्या जाळ्याला जोडली गेली. पाच वर्षांची सतरा झाली, खर्च चौपट. त्याआधी २०२२ मध्ये जुन्या भट्ट्यांच्या नळ्यांत भेगा सापडल्या आणि छप्पन्नपैकी निम्म्याहून अधिक भट्ट्या एका वेळी बंद होत्या. चाळीसेक वर्षं शेजाऱ्यांना वीज विकणारा फ्रान्स त्या वर्षी विकत घेत होता. सगळ्या भट्ट्या एका नमुन्याच्या असल्या की बांधताना सोपं जातं. पण एकीला आजार झाला की सगळ्यांची नाडी तपासावी लागते. फेसेनहाइम तर २०२० मध्येच बंद झालं होतं, जर्मन शेजाऱ्यांच्या आणि निवडणुकीतल्या आश्वासनांच्या दबावाने.

१९९६ च्या सुमारास जगाच्या विजेत अणूचा वाटा साडेसतरा टक्के होता. आज तो नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. जगात भट्ट्या नाहीशा झाल्या असं नाही. बाकीची वीज वाढत गेली, नव्या भट्ट्या महाग आणि सावकाश होत गेल्या.

यात आपला संबंध कुठे येतो? तो येतो, आणि जुना आहे. तारापूरची अणुवीज फेसेनहाइमच्या आठ वर्षं आधीची, ऑक्टोबर १९६९ ची. भट्ट्या अमेरिकेच्या, इंधनही अमेरिकेचं. मेसमेर यांच्या त्या घोषणेनंतर अडीच महिन्यांनी, मे १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, अमेरिका रुसली, आणि इंधनाचा पुरवठा हळूहळू आटला. तेव्हा १९८२ मध्ये करार करून तारापूरला इंधन द्यायला पुढे आला तो फ्रान्स. दहाएक वर्षं मुंबईच्या दिव्यांत थोडा फ्रेंच युरेनियमचा उजेड होता, असं म्हणायला हरकत नाही.

आणि आपल्याकडे प्रश्न विचारणारा माणूसही मेसमेर यांच्या आधीचा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्याचे, पुण्यात राहिलेले, गणिती आणि इतिहासकार. होमी भाभांच्याच टाटा संस्थेत ते होते. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबात त्यांनी 'भारतासाठी अणुऊर्जा' या विषयावर भाषण केलं. अणुवीज फार खर्चिक आहे आणि आपल्या देशाला उन्हाची देणगी मोठी आहे, तेव्हा डोकं आणि पैसा तिकडे लावा, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी सौर वीज म्हणजे प्रयोगशाळेतलं खेळणं होतं, त्यामुळे कोसंबी हट्टी वाटले असतील. १९६२ मध्ये मुदत संपल्यावर संस्थेने त्यांना पुढे ठेवलं नाही. भाभा बरोबर की कोसंबी, हा वाद मी इथे लावणार नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं झालं. आज सौर वीज स्वस्त आहे, आणि रात्री ती नाही. देशाच्या विजेत कोळसा सत्तर टक्क्यांच्या आसपास आणि अणू तीन टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत शंभर गिगावॉट अणुऊर्जेचं लक्ष्य ठेवलं गेलं. त्या वेळी आपली क्षमता नऊ गिगावॉटच्याही आत होती.

या लक्ष्यातला एक मोठा तुकडा रत्नागिरी जिल्ह्यात ठरलेला आहे. राजापूर तालुक्यातलं माडबनचं पठार, ज्याला सगळे जैतापूर म्हणून ओळखतात. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा करार झाला: फ्लामांव्हिलच्याच जातीच्या सहा भट्ट्या, मिळून ९९०० मेगावॉट. तीन महिन्यांनी फुकुशिमा झालं. त्यानंतर महिन्याभराने, १८ एप्रिल २०११ ला, आंदोलकांवर गोळीबार झाला आणि त्यात साखरी नाटे गावचा एक मच्छीमार मेला. तीस वर्षांचाही नव्हता किंवा होता, हा तपशील कुणी विचारला नाही. बातमीत तो 'एक ठार' होता.

साखरी नाटे ही मुस्लिम मच्छीमारांची मोठी वस्ती. जमीन गेली ती मुख्यतः माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या पठारावरच्या गावांची. त्यांना आधी भरपाई कमी होती, त्यांनी धनादेश परत केले, नंतर रक्कम वाढवली आणि बहुतेकांनी ती घेतली. हे वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण नाट्याच्या मच्छीमाराची जमीन गेलीच नव्हती. भट्ट्या थंड करून पाणी समुद्रात सोडणार, ते समुद्राच्या पाण्यापेक्षा गरम असणार. मग मासळी कुठे जाणार, हा त्याचा प्रश्न. समुद्राला सातबारा नसतो, त्यामुळे भरपाईच्या रजिस्टरात त्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं हेच कुणाला कळेना. व्हीलच्या द्राक्षवाल्याचा प्रश्नही असाच होता. त्यालाही तज्ज्ञांनी 'काही होणार नाही' असंच सांगितलं होतं, आणि कदाचित ते खरंही असेल. तारापूरला तिसरी आणि चौथी भट्टी झाली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण या दोन गावांना उठावं लागलं, आणि पुनर्वसनाची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालली. कोकणातल्या माणसाने ते पाहिलेलं आहे.

खुद्द फ्रान्समध्ये आता विचारण्याची रीत आली आहे. मोठ्या प्रकल्पांवर जाहीर चर्चा घडवणारा स्वतंत्र आयोग तिथे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलफोर इथे अध्यक्ष मॅक्राँ यांनी सहा नव्या भट्ट्यांची घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये त्यावर जाहीर चर्चा सुरू झाली. सभा, प्रश्नोत्तरं, लेखी हरकती, सगळं. चर्चा चालू असतानाच, जानेवारी २०२३ मध्ये, तिथल्या सिनेटने अणुभट्ट्यांच्या कामाला वेग देणारा कायदा मंजूर केला. लोकांची उत्तरं यायची होती आणि निकाल आधीच लागला. आयोगाने त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. मेसमेर यांनी निदान विचारण्याचं नाटक केलं नव्हतं.

जैतापूरसाठी ईडीएफने एप्रिल २०२१ मध्ये आपला सविस्तर प्रस्ताव भारत सरकारकडे दिला. विजेचा दर किती, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, यावर दोन्ही सरकारांची बोलणी वर्षानुवर्षं होत राहिली. त्या बोलण्यांत गरम पाण्याचा विषय कुठल्या कलमात येतो, ते साखरी नाटे गावात जाऊन अजून कुणीतरी सांगायचं आहे.